सिनेमाचा पांडा आणि शहराचा रस्ता

२४ नोव्हेंबर २०१०च्या रात्री अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 'कुंग फू पांडा हॉलिडे' हा अर्ध्या तासाचा ॲनिमेशनपट दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा अमेरिकन सण, होता. सकाळी त्याच वाहिनीवर, न्यूयॉर्कच्या मेसीज स्टोअरच्या मिरवणुकीत, त्याच पांडाचा अवाढव्य फुगा मॅनहॅटनच्या रस्त्यावरून तरंगत निघाला. सहा महिन्यांनी, २६ मे २०११ला, 'कुंग फू पांडा २' चित्रपटगृहांत लागला. रात्री कार्यक्रम, सकाळी फुगा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सिनेमा, ही जुळणी योगायोगाने झालेली नसणार हे मोठ्या माणसाला लगेच उमगतं. बापाच्या खांद्यावर बसून तो फुगा बघणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला ते उमगत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

हे सिनेमे मला मनापासून आवडतात. नूडल्सच्या दुकानात हंसाच्या घरी वाढलेला, धापा टाकणारा, खादाड पांडा पो हा मुलांसाठी घडवलेल्या उत्तम नायकांपैकी एक आहे. जेनिफर यू नेल्सन यांनी दिग्दर्शित केलेल्या दुसऱ्या भागात आपण दत्तक आहोत हे त्याला कळतं, आणि तो प्रश्न तिथे ज्या हळुवारपणे हाताळला आहे तसा मोठ्यांच्या सिनेमांतही क्वचित हाताळला जातो. प्राणी बोलायला लागले की मुलं कठीण गोष्टीही ऐकून घेतात. पंचतंत्रापासून हे चालत आलं आहे. प्राण्याच्या तोंडून आलेल्या गोष्टीवर मूल चटकन विश्वास ठेवतं. त्या विश्वासाला जपणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे, आणि सणाच्या दिवशी भर रस्त्यात ती जबाबदारी आपण सोडून देतो.

मेसीजची मिरवणूक पूर्वी निर्मळ होती आणि आता बाटली, असं काही मला म्हणायचं नाही. ती पहिल्या दिवसापासून दुकानाची मिरवणूक होती. १९२४ साली ती प्रथम निघाली तेव्हा तिचं नावच मुळी ख्रिसमस परेड होतं. हार्लेममधून निघून सहा मैल चालत ती चौतिसाव्या रस्त्यावरच्या मेसीजच्या दारात आली आणि नाताळच्या खरेदीचा हंगाम सुरू झाला. दुकानातले कर्मचारी वेश करून चालत होते, आणि त्यांच्याबरोबर सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेले हत्ती, उंट, अस्वलं असे खरेखुरे प्राणीही चालत होते. त्या जनावरांचे काय हाल झाले असतील याची कल्पना करता येते. मुलंही त्यांच्या आवाजाने घाबरत. १९२७मध्ये टोनी सार्ग या बाहुलीकाराच्या कल्पनेतून मोठे फुगे आले, ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये गुडइयर कंपनीने ते बनवले, आणि जिवंत जनावरांची जागा त्यांनी घेतली. त्या पहिल्या फुग्यांत होता फेलिक्स मांजर, म्हणजे त्या काळच्या मूक कार्टूनपटांचा सर्वांत लोकप्रिय नायक. १९३४ साली मिकी माउस आला. ॲनिमेशनमधला प्राणी आणि ही मिरवणूक यांचं नातं असं जवळजवळ शंभर वर्षांचं आहे, आणि जिवंत हत्तींची पायपीट थांबली याबद्दल त्या रबरी मांजराचे आभारच मानायला हवेत.

पण त्या काळच्या मिरवणुकीत एक सरळपणा होता. दुकान स्वतःची जाहिरात करत होतं, मिरवणुकीचा शेवट त्याच्या दारात होत होता, आणि दारावर त्याचं नाव होतं. आज मिरवणुकीतल्या बहुतेक जागा मेसीज इतर कंपन्यांना प्रायोजकत्वावर देतं. चित्ररथ एका कंपनीचा, फुगा दुसऱ्या स्टुडिओचा, वरती गाणारी गायिका तिसऱ्याच्या करारातली. ७७व्या रस्त्यापासून हेरल्ड स्क्वेअर या मेसीजसमोरच्या चौकापर्यंतचा सुमारे चार किलोमीटरचा रस्ता शहराचा, बंदोबस्त शहराच्या पोलिसांचा, मागाहून झाडलोट करणारे सफाई कामगार शहराचे. २०२४मध्ये तीन कोटींच्या वर लोकांनी ही मिरवणूक घरून पाहिली. एवढ्या लोकांसमोर, सणाच्या सकाळी, सगळं कुटुंब एकत्र बसलेलं असताना आपलं पात्र तीस-चाळीस सेकंद हवेत तरंगवायला मिळणं ही स्टुडिओच्या दृष्टीने विकत घेण्याजोगीच गोष्ट आहे. निवेदक कागदावरून त्या पात्राचं कौतुक वाचतात, नवा सिनेमा कधी येतोय तेही सांगतात. मग बँड वाजतो आणि पुढचा रथ येतो.

तारखा बघितल्या की चित्र स्पष्ट होतं. 'हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन'मधल्या टूथलेसचा फुगा नोव्हेंबर २०१३मध्ये पहिल्यांदा निघाला, सिनेमाचा दुसरा भाग जून २०१४मध्ये आला. पॅडिंग्टन अस्वलाचा नवा फुगा नोव्हेंबर २०१४चा, त्याचा सिनेमा अमेरिकेत जानेवारी २०१५मध्ये लागला. अँग्री बर्ड्समधला लाल पक्षी आणि 'आइस एज'मधली दाणा शोधत धावणारी खार स्क्रॅट, दोघांचेही फुगे नोव्हेंबर २०१५चे. पक्ष्याचा सिनेमा मे २०१६चा, खारीचा जुलै २०१६चा. ही पात्रं वाईट नाहीत. पॅडिंग्टन तर १९५८पासून पुस्तकांतून मुलांना भेटत आला आहे. पण त्या भेटीची वेळ मुलांच्या प्रेमाने ठरलेली नाही, ती सिनेमाच्या वेळापत्रकाने ठरलेली आहे. स्नूपीचं उदाहरण याच्याशेजारी ठेवून पाहावं. वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत हे कुत्रं १९५० साली आलं आणि मिरवणुकीत १९६८ साली. अठरा वर्षं मुलांनी त्याला वाचलं, त्याच्यावर जीव लावला, मग तो रस्त्यावर आला. मला या दोन गोष्टींत मूलभूत फरक दिसतो.

यावर मित्रांकडून हमखास येणारं उत्तर असं, की मुलं आनंदात असतात, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते मुलाच्या समजशक्तीशी केलेल्या व्यवहारात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४मध्ये उपलब्ध संशोधन तपासून सांगितलं, की साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा हेतू, म्हणजे समोरचा आपल्याला पटवू पाहतो आहे ही गोष्टच, समजत नाही. ती जाहिरातीला खरी माहिती समजतात. टीव्हीवरच्या नेहमीच्या जाहिरातीत निदान एक तुकडा संपतो, दुसरा सुरू होतो, आवाज बदलतो. मिरवणुकीत तीही खूण नाही. अग्निशमन दलाचा बँड, शाळकरी मुलांचं कवायत पथक, सांताक्लॉज आणि सहा महिन्यांनी येणाऱ्या सिनेमाचा पांडा, सगळे एकाच रांगेत, एकाच टाळ्यांत जातात. मोठ्यांना ती शिवण दिसते, मुलाला सगळं एकसंध कापड दिसतं.

अमेरिकेने यावर विचारच केला नाही असंही नाही. १९७८मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी अगदी लहान मुलांना उद्देशून केलेल्या टीव्ही जाहिरातींवर बंदी घालावी असा प्रस्ताव मांडला होता. कमिशनचे अध्यक्ष मायकेल पर्टशुक त्याच्या बाजूने उभे राहिले. खेळणी, गोळ्या-चॉकलेटं आणि नाश्त्याचे गोड पदार्थ विकणाऱ्या उद्योगांनी त्याविरुद्ध जोर लावला, वर्तमानपत्रांनी सरकारला मुलं सांभाळणारी 'दाई' ठरवलं, आणि १९८०मध्ये संसदेने कमिशनचे हात कायद्यानेच बांधले. पुढे १९९०च्या चिल्ड्रन्स टेलिव्हिजन ॲक्टने मुलांच्या कार्यक्रमांत तासाला किती मिनिटं जाहिरात असावी याची मर्यादा घातली: शनिवार-रविवारी साडेदहा, इतर दिवशी बारा. चांगली गोष्ट झाली. पण मिरवणुकीतला फुगा म्हणजे कार्यक्रमाचाच भाग, त्याच्यासाठी घड्याळ लावलं जात नाही.

शेजारच्या कॅनडात क्यूबेक प्रांताने वेगळा मार्ग घेतला. तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करायला तिथे १९८०पासून बंदी आहे. एका खेळणी कंपनीने तिला आव्हान दिलं, प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९८९मध्ये न्यायालयाने बंदी उचलून धरली. जे नेहमी विश्वासच ठेवणार त्यांना पटवणं म्हणजे मुळात त्यांचा फायदा घेणं, हा त्या निकालाचा गाभा आहे. स्वीडनमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्ही जाहिरात करता येत नाही. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांच्या अननुभवाचा आणि भाबडेपणाचा गैरफायदा घेणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. म्हणजे मूल हा ग्राहक म्हणून वेगळा आहे, हे अनेक देशांच्या कायद्याने मान्य केलेलं आहे.

आता प्राण्यांविषयी, कारण चेहरा त्यांचा वापरला जातो. इथे फार सावधपणे बोलायला हवं. 'निमो' नावाच्या माशाचा सिनेमा आला आणि मुलांच्या हट्टापायी जगभर क्लाउनफिशची विक्री प्रचंड वाढली, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. संशोधकांनी नंतर तपासलं तेव्हा तिला भक्कम आधार सापडला नाही. 'फाइंडिंग डोरी'बद्दल २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही माशांची मागणी वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, उलट लोकांनी त्या माशाबद्दल जास्त माहिती शोधली असं दिसलं. हे मला सांगायलाच हवं, कारण माझ्या बाजूची असली तरी खोटी गोष्ट खोटीच. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र पुरावा वेगळा आहे. डिस्नेचा 'वनहंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स' १९८५मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला त्यानंतर जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबमधल्या डाल्मेशियनच्या नोंदी आठ हजारांच्या आसपास होत्या त्या १९९३पर्यंत चाळीस हजारांच्या वर गेल्या. मग त्या तितक्याच वेगाने कोसळल्या. डाल्मेशियन हे भरपूर पळायला लागणारं, लहान घरात कोंडून ठेवलं तर बिथरणारं कुत्रं आहे. ज्यांनी ते पडद्यावर पाहून आणलं त्यातल्या अनेकांना ते झेपलं नाही.

पांडा कुणी घरी आणू शकत नाही, म्हणून त्याच्याबाबतीत नुकसान वेगळ्या प्रकारचं आहे, आणि ते मोजता येत नाही. अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात ३ नोव्हेंबर २०१०ला, म्हणजे तो फुगा निघण्याच्या तीन आठवडे आधी, एका पांडाने पिल्लू दिलं. पुढच्या फेब्रुवारीत त्या पिल्लाचं नाव सिनेमाच्या नायकावरून 'पो' ठेवण्यात आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते गोड वाटलं. नंतर बोचत राहिलं. चीनमध्ये बांबूच्या रानांचे तुकडे पडले म्हणून हा प्राणी संकटात आला, संरक्षित क्षेत्रं वाढवून आणि तुटलेली रानं जोडून तो सावरायला लागला, २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा दर्जा 'धोक्यात' वरून एक पायरी सुधारून 'असुरक्षित' झाला. ही गोष्ट कुठल्याही सिनेमाइतकी थरारक आहे. मिरवणुकीत तिला जागा नाही. फुगे आदल्या संध्याकाळी भरले जातात ते अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर. हजारो मुलं ते बघायला येतात. भिंतीच्या आत पृथ्वीवरच्या प्राण्यांचा एवढा मोठा इतिहास मांडलेला आहे, आणि भिंतीबाहेरच्या सोहळ्यात त्याचं एक वाक्यही नाही.

प्राण्यांचा चित्ररथ वेगळा कसा असू शकतो याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. २०२२च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात महाराष्ट्राचा चित्ररथ राज्याची जैवविविधता आणि राज्य मानकं या विषयावर होता. शेकरू, हरियाल, ब्लू मॉरमॉन फुलपाखरू आणि कासचं पठार, असं सगळं कर्तव्यपथावर, ज्याला तेव्हा राजपथ म्हणत, फिरलं. लोकपसंतीच्या विभागात राज्यांच्या चित्ररथांमध्ये त्याला पहिला क्रमांक मिळाला. तो बघून एखाद्या मुलीने 'शेकरू कुठे दिसतं?' असं विचारलं तर तिला भीमाशंकरला नेता येतं, आणि नशीब असेल तर आंब्याच्या किंवा हिरड्याच्या उंच फांदीवर ते लांब शेपटीचं तांबूस जनावर तिला खरोखर दिसतं. सरकारी चित्ररथालाही स्वतःचा हेतू असतो, राज्य तिथे स्वतःला मिरवत असतं, हे मी विसरत नाही. पण ते कुणाचं तिकीट विकत नाही, आणि त्याच्यावरच्या शेकरूमागे एक जिवंत शेकरू आहे.

गणेशोत्सवातल्या कमानींबद्दल इथे कुणी विचारेल. पुण्या-मुंबईतल्या रस्त्यांवर दहा दिवस उभ्या राहणाऱ्या जाहिरातींच्या कमानी मला आवडत नाहीत, त्यांच्यामुळे चालायला जागा राहत नाही. तरी कमानीवर तेलाचं किंवा बिल्डरचं नाव ठळक लिहिलेलं असतं, पलीकडे मूर्ती असते, आणि दोन्ही वेगळे आहेत हे मुलालाही दिसतं. मेसीजच्या रस्त्यावर मूर्तीच विक्रीला आलेली असते. हे कधी आपल्याकडेही येईल, देखाव्यातल्या प्राण्यांच्या जागा सिनेमा कंपन्या भाड्याने घेऊ लागतील, तेव्हा मंडळांकडे नकार द्यायला एखादा नियम तयार असावा असं मला वाटतं.

नियम करता येतो का? न्यूयॉर्कने केलेला आहे, दुसऱ्या कारणासाठी. १९९७मध्ये सोसाट्याच्या वाऱ्यात 'द कॅट इन द हॅट' या बालपुस्तकातल्या हॅटवाल्या मांजराचा फुगा दिव्याच्या खांबावर आदळला, खांबाचा भाग खाली कोसळला आणि एक बाई जबर जखमी होऊन जवळजवळ महिनाभर कोमात होत्या. त्यानंतर शहराने फुग्यांच्या आकारावर मर्यादा घातली. सतत वाहणारा वारा ताशी २३ मैलांच्या वर किंवा झोत ३४ मैलांच्या वर गेला तर फुगे उडवायचे नाहीत असं ठरवलं. म्हणजे प्राणी किती मोठा असावा आणि कुठल्या हवेत निघावा हे सांगण्याचा अधिकार शहराने वापरलेला आहे, आणि मिरवणूक त्यामुळे मेली नाही. कॅलिफोर्नियात पासाडेनाच्या रोझ परेडमध्ये दर वर्षी नववर्षाच्या सकाळी निघणाऱ्या चित्ररथांचा दिसणारा प्रत्येक भाग फुलं, पानं, बिया, साली अशा नैसर्गिक वस्तूंनी झाकलेला हवा असा आयोजकांचा नियम आहे. प्रायोजक तिथेही आहेत, पण त्यांना तो नियम पाळावा लागतो, आणि त्या नियमामुळेच ती मिरवणूक ओळखली जाते.

लोकांच्या बोलण्यानेही फरक पडतो. २०१३मध्ये सीवर्ल्ड या सागरी करमणूक कंपनीचा चित्ररथ मेसीजच्या मिरवणुकीत होता. त्याच वर्षी ओर्कांच्या, म्हणजे किलर व्हेलच्या, कैदेवरचा 'ब्लॅकफिश' हा माहितीपट गाजला होता, प्राणिमित्र संघटनांनी रस्त्यावर निदर्शनं केली, पुढच्या वर्षी पुन्हा केली. मार्च २०१६मध्ये सीवर्ल्डने ओर्कांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याचं सगळं श्रेय एका मिरवणुकीतल्या निदर्शनांना देता येणार नाही. पण त्या चित्ररथाकडे बघून 'हे इथे का?' असं विचारणारे लोक होते, म्हणून प्रश्न जिवंत राहिला.

माझी मागणी मर्यादित आहे. ज्या पात्राचा नवा सिनेमा पुढच्या किंवा मागच्या वर्षभरात आहे, त्याला सणाच्या मिरवणुकीत फुगा किंवा रथ मिळू नये. वर्ष उलटल्यावरही मुलांना तो हवा असेल तर आनंदाने यावा. पो आज निघाला तर मी स्वतः टाळ्या वाजवेन. आणि ज्या जागेसाठी कंपनीने पैसे मोजले आहेत, तिथे निवेदकाने सहा वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेत तसं सांगावं: हा रथ अमक्या कंपनीने पैसे देऊन आणला आहे. एक वाक्य, चार सेकंद. प्राण्याचा चेहरा वापरला असेल तर त्या खऱ्या प्राण्याबद्दल दुसरं एक वाक्य.

याने पैसा आटेल असं आयोजक म्हणतील. पूर्ण आटणार नाही, कारण स्नूपीसारखी जुनी पात्रं आहेत, त्यांच्यामागेही मोठ्या कंपन्या आहेत. मेसीजचं स्वतःचं नाव तर सगळ्या मिरवणुकीवर आहे. मिरवणूक थोडी लहान होईल. दोन-तीन फुगे कमी येतील, त्यांच्या जागी एखाद्या लहान गावच्या शाळेचा बँड जास्त येईल. थंडीत पहाटेपासून रस्त्यावर उभ्या राहिलेल्या मुलांना त्याचं वाईट वाटणार नाही अशी माझी खात्री आहे. खरा विरोध स्टुडिओंकडून येईल, कारण चौथ्या गुरुवारची ती सकाळ त्यांच्या वर्षातल्या सर्वांत मोलाच्या जाहिरातींपैकी एक आहे. त्यांना जाहिरात करायला दिवसाचे उरलेले तास आहेत. मिरवणुकीच्या प्रक्षेपणातसुद्धा मधले जाहिरातीचे ब्रेक आहेत, आणि ते घेऊन पांडाचा ट्रेलर दाखवायला त्यांना कुणीही अडवत नाही.